शंभराव्या दिवसाची गंजी

कडब्याची गंजी रचणाऱ्या माणसाला आमच्या उमरी-भोकरच्या पट्ट्यात अजून मान आहे. पेंढी कुणीही बांधतं. पण पेंढीवर पेंढी अशी निजवायची, की वरचं पाणी बाहेरच्या बाहेर उतरून जावं आणि आतला कडबा वर्षभर पिवळा राहावा, हे आमच्या रामलिंगच्याच हाताला येतं. तो एकदा वर चढला की उतरत नाही. खालून पेंढ्या येत राहतात, तो गोल गोल फिरत रचत जातो आणि गंजीसोबत स्वतःही हळूहळू आभाळाकडे उगवत जातो. शेंड्यावरून त्याला उमरीच्या रुळावरची गाडी दिसते, मुंगळ्यांच्या रांगेएवढी. तो तिच्याकडे बघत राहतो. खालचा माणूस पेंढी हातात धरून वाट पाहतो, हाक मारत नाही.

याच हातांना दारूनं कापरं भरवलं होतं. रचाई झाली की मालकानं एक क्वार्टर हातावर ठेवायची, अशी रीत. रीत म्हणून सुरू झालेलं रोजचं झालं. गेल्या साली तर त्यानं स्वतःचीच गंजी शेंड्याला अर्धी सोडली. दिवस कलला होता, फाट्यावरचं देशीचं दुकान उघडलं होतं, म्हणाला, उद्या बघू. तो उद्या आला नाही. पावसाळाभर पाणी शेंड्यातून आत झिरपत राहिलं. कार्तिक सरता सरता गंजी फोडली तर आतून काळी, कुबट. बैलानं पेंढी हुंगली आणि तोंड फिरवलं. केवळाबाईच्या, त्याच्या बायकोच्या, इतक्या वर्षांच्या बोलण्यानं जे झालं नव्हतं ते बैलानं न बोलता केलं. रामलिंग दिवसभर गोठ्यात बसून राहिला. त्या दिवसापासून तो प्याला नाही.

पण संध्याकाळ तर रोज यायची. गुरं जशी आपल्या वेळेला, आपल्या वाटेनं परततात, तशी तहान यायची. अंगणात येऊन उभी राहायची.

म्हणून पिराजीआबा यायचे. हे आमच्या गावचे म्हातारे गुराखी. त्यांनी दारू बऱ्याच वर्षांपूर्वी सोडलेली. दिवस कलला की मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा घेऊन ते रामलिंगच्या बांधावर येऊन बसत. दोघं बोलत नसत. पश्चिमेकडं तांबडं पसरायचं, मग जांभळं, मग राखेसारखं. पहिली चांदणी दिसली की आबा धोतर झटकून उठायचे.

"आजची गेली. जेवाय जा."

आजची म्हणजे आजची संध्याकाळ. एवढंच. रामलिंगनं एकदा विचारलं होतं, "आबा, तुमचे किती दिस झाले?"

"मला विसाच्या म्होरं मोजता येत न्हाई," आबा म्हणाले. "गूळ खा."

मोजत होती ती केवळाबाई. कॅलेंडरवर रोज कुंकवाचा एक ठिपका. तिनं बिलोलीला भावाला फोन करून सांगितलं, "रविवारी शंभर भरायलेत." तो भाऊ, सुदर्शन, मनानं साफ माणूस. स्वतःच्या लग्नात दाजींना खांद्यावर टाकून जानवशावर पोचवलेला. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. आणि आमच्याकडं आनंद झाला की माणूस जे करतो तेच त्यानं केलं. फ्लेक्स छापला.

रविवारी दुपारी रामलिंग यंदाच्या गंजीवर होता. सोडल्यापासूनची ही पहिलीच. हात थरथरत नव्हते. शेंडाच तेवढा राहिला होता. तेवढ्यात सुदर्शन जीपमधून उतरला आणि त्याला ओढतच फाट्यावर घेऊन गेला.

दहा बाय आठचा फ्लेक्स, देशीच्या दुकानासमोरच्या दोन खांबांना बांधलेला. "शंभर दिवस! रामलिंगराव यांनी दारू सोडल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." खाली शुभेच्छुकांची भली मोठी यादी. मधोमध रामलिंगचा फेटा बांधलेला फोटो.

टॉवेल-टोपी झाली, हार झाला. माणसं फोटोकडं बघून गालात हसत होती.

"सुदर्शन, हा फोटो तुझ्या लग्नातला ना?"

"हाव. दाजींचा फेट्यातला तेवढाच हाय."

"त्याच दिशी ह्यानं पंगतीत वरणाच्या बादलीत पाय घातलाता."

सुदर्शननं फोटो नीट पाहिला. डोळे तांबारलेले, नजर कुठंतरी भलतीकडं. बहिणीकडं पुरणाचा बेत होता. "दाजी, या मागून," म्हणून तो वर न बघताच निघून गेला. माणसं पांगली.

रामलिंग हार घालून तिथंच उभा राहिला. दिवस कलला होता. शंभर दिवसांत पहिल्यांदा या वेळेला आबा जवळ नव्हते. ते तिकडं बांधावर वाट पाहत असणार. तहान मात्र बरोबर वाट काढत इथं आली होती.

दुकानाच्या पायरीवरून महांतेशनं ग्लास वर केला. त्याचा पिण्यातला जुना बसकरी.

"शतक झालं गड्या. आता बॅट वर करावं लागतंय."

रामलिंग हसला नाही. वास नाकात शिरला होता.

"ह्यात माझंबी नाव टाकलंय बघ, शुभेच्छुकात," महांतेश म्हणाला. "मला इचारलंबी न्हाई. ये, बस. तुझा फोटो तर पिऊनच हाय, तू कामून उपाशी?"

रामलिंग फोटोकडं बघत राहिला. वरचा माणूस त्याच्याकडं बघत होता, डोलत, वाऱ्यानं फुगत, पुन्हा सैलावत. क्षणभर त्याला कळेना, आपण खाली आहोत की वर. वारा वाढला. खांबांच्या दोऱ्या करकरल्या. त्यानं मान वळवली तर भोकरच्या डोंगरावर काळं आभाळ चढत होतं, अवकाळी, आणि आपली गंजी शेंड्याला उघडी आहे.

काळ्या कडब्याचा तो कुबट वास त्याला आठवला. ग्लासातल्या वासाच्या वर येऊन बसला.

"महांतेश, दोरी सोडाय हात लाव."

"आँ?"

"शुभेच्छुक हायेस ना? मग सोड."

महांतेशनं ग्लास पायरीवर ठेवला. दोघांनी गाठी सोडल्या. "चल की संगट," रामलिंग म्हणाला. महांतेश पुन्हा पायरीवर टेकला. "मी हितंच बरा. जा तू, पानी येईल."

फ्लेक्सची गुंडाळी खांद्यावर घेऊन रामलिंग शेताकडं निघाला. पहिले टपोरे थेंब धुळीत पडत होते. आबा बांधावरून उठून गंजीला टेकून उभे होते. ते पेंढ्या वर देत गेले, रामलिंगनं शेंडा मिटवला. मग फ्लेक्स उलगडला आणि छापील बाजू खाली करून अंथरला. फेट्यातला माणूस पिवळ्या कडब्यावर पालथा निजला. वर नुसतं पांढरं.

वाट बघून सुदर्शन शोधत आला तेव्हा पाऊस पन्हाळीसारखा चारी बाजूंनी उतरत होता. त्यानं आपला फ्लेक्स ओळखला. न सांगता खालून दोरी ओढून धरली आणि दगड बांधू लागला. जरा वेळानं खाली बघतच म्हणाला, "दाजी, चुकलंच माझं. वर्ष झाल्यावर चांगला आणतो. बारा बाय वीस."

"आण की," वरून रामलिंग म्हणाला. "म्होरल्या साली गंजी मोठी हाय. पर कोराच आण."

सर निघून गेली. आभाळ एका कडेनं फाटलं, तिथून एक चांदणी उघडी पडली. आबांनी भिजलेल्या धोतराच्या सोग्यातून गुळाचा खडा काढला, अर्धा विरघळलेला, आणि वर फेकला.

"आजची गेली," ते म्हणाले. "उतर. पुरण निवायलंय."

रामलिंगनं खडा झेलला, पण तो लगेच उतरला नाही. दूर उमरीच्या रुळावर गाडी चालली होती, मुंगळ्यांच्या रांगेएवढी, दिवे लावून. ती दिसेनाशी होईपर्यंत त्यानं गूळ जिभेवर ठेवला.