भिजलो म्हणायचं

तळ्यात ओळीनं मांडलेले दगड, आणि पहिल्या दगडावर उभा असलेला बोटभर माणूस... त्याला काही केल्या स्वस्थ राहता येत नसे. बटणाला हात लावला नाही तरी तो आपला जागच्या जागी पाय आपटत राही, मान इकडे-तिकडे वळवी, कुणीतरी पुढे ढकलावं म्हणून वाट बघत असल्यासारखा. टीव्ही काळा-पांढरा, तळं राखाडी. पण मी ते निळंच धरून चालले होते. तो माणूस मला माझ्यातलाच वाटे. जेवताना माझा पाय हले, अभ्यासाला बसले की पाटीपेक्षा खिडकीकडे लक्ष. ‘भिंगारात जन्मली ती पायाला भिंगरी लावूनच,’ असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, आणि ते ऐकायलाही मी जागेवर थांबलेली नसे.

आम्ही भिंगारला सिव्हिलियन लोकांच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. अण्णा लष्कराच्या एका कचेरीत कारकून. नव्वदच्या दशकातल्या त्या भिंगारला सकाळी बिगुलाचा आवाज होता, दुपारी तापलेल्या मुरुमाचा आणि निंबाच्या मोहोराचा वास होता, आणि वर्षभर कुणाची ना कुणाची बदली होती. बदली झाली की फौजी कुटुंबं कूलर, कुंड्या, पलंग असं जड सामान विकून मोकळी होत आणि क्वार्टर्समधल्या बायका ते हौसेनं उचलत. अशाच एका हवालदारांच्या घरून आईनं घडीची खाट घेतली आणि तिच्यावर चिंधीत गुंडाळलेला टीव्ही गेम फुकटात आला. सोबत एकच चालणारी कॅसेट. तिच्यावरची अक्षरं काड्या मोडून टाकाव्यात तशी. वाचायची सोयच नव्हती. परदेशात टीव्हीवर खरोखरची माणसं अडथळ्यांची शर्यत पळतात आणि त्या कार्यक्रमावरून हा खेळ केलेला आहे, हे आम्हाला कळणार तरी कुठून? आमच्या लेखी तो ‘किल्ल्याचा गेम’. तळं ओलांडायचं, फिरत्या दांड्यांखालून निसटायचं, चिखलाची उतरंड चढायची आणि शेवटी किल्ला गाठायचा.

खरा घोळ तळ्यातच होता. दगड सगळे एकसारखे दिसत, पण त्यांतले काही पोकळ. पाय पडला की बुडालेच. माझा धीर निघत नसे, मी धाड्‌दिशी उडी मारे आणि बुडे. राजूदादा, माझा थोरला भाऊ, मात्र दगड पाठ करी. तो माझ्याहून बराच मोठा, कॉलेज अर्धवट सोडून फौजेच्या भरतीची तयारी करणारा. तरी संध्याकाळी पळून आला की घामेजल्या बनियनवरच माझ्याशेजारी मांडी ठोके. त्याच्या अंगाला मातीचा आणि मोहरीच्या तेलाचा वास येई... तो वास आला की माझा हलता पाय आपोआप थांबे.

पाण्यात पडलं की आम्ही दोघं ओरडत असू, ‘मेलो!’ आणि तेच आईला खपत नसे. आमच्या घरात कुंकू संपत नसे, ते ‘वाढे’. दिवा विझत नसे, तो ‘शांत होई’. बाहेर निघालेला माणूस ‘जातो’ म्हणालाच, तर त्याला दारातून परत बोलावून ‘येतो’ म्हणायला लावत. एकदा तिन्हीसांजेला हातातलं पीठ तसंच ठेवून ती बाहेर आली आणि म्हणाली, “मेलो मेलो काय लावलंय दिवाबत्तीच्या टायमाला? पान्यात पडतो ना त्यो? मग भिजलो म्हना.” तेव्हापासून आमच्या क्वार्टरमध्ये कुणी मेलं नाही. सगळे नुसते भिजले. पुढे शेजारची पोरंही भिजायला लागली, आणि परीक्षेत नापास झालेला पोरगाही ‘गणितात भिजलो’ असंच सांगू लागला.

दादाची ती शेवटची भरती होती. पुढच्या वेळेपर्यंत त्याचं वय उलटून जाणार होतं, हे घरात कुणी बोलत नसे, पण अण्णा जेवताना त्याच्या ताटाकडे बघत, त्यावरून मला समजे. पळण्यात तो कुणाला ऐकत नव्हता. अडत होता तो खड्ड्याला. भरतीत नऊ फुटांचा खड्डा एका उडीत ओलांडावा लागे. पलीकडच्या काठाला टाच जराशी जरी आत घासली तरी माणूस बाद. म्हणून त्यानं क्वार्टरमागच्या मोकळ्या जागेत कुदळीनं स्वतःच तसा खड्डा खणला. मुरुमानं त्याच्या तळहातांची सालटी काढली. माझं काम पलीकडच्या काठाशी उकिडवं बसून टाच बघायचं. ‘लागली,’ मी सांगे. तो मागे जाई. ‘लागली.’ पुन्हा मागे... मला खोटं बोलावंसं फार वाटे. पण भरतीतला सायब खोटं बोलणार नाही, हेही कळत होतं.

भरतीच्या दिवशी तो दही-साखर खाऊन, ‘येतो’ म्हणून गेला. मी दिवसभर दार ते फाटक, फाटक ते दार करत राहिले. उन्हं कलली तेव्हा तो आला. भुवयांपासून बुटांपर्यंत नुसता फुफाटा; अंगावर पाण्याचा टिपूस नाही. उंबऱ्यात उभा राहून म्हणाला,

“भिजलो, आई.”

 “पानी काढते आंगुळीला,” आई एवढंच म्हणाली आणि आत गेली. बंबात पाणी ओतल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मला त्या दिवशी तिचा त्या शब्दासाठी रागच आला. मरण टाळून टाळून तिनं जो शब्द आणला होता, तो इतका जड होईल असं तिलाही वाटलं नसावं.

मग टीव्ही गेम पुन्हा चिंधीत गेला. दादा एका गॅरेजला जाऊ लागला. घरात बोलणं सगळं नीट चाले, पण जो तो चोरपावलांनी वावरे, आणि माझ्या पायातली भिंगरी अंगभर फिरे. मी गव्हाच्या डब्याचं झाकण उघडे-लावे, उघडे-लावे. आई ओरडतसुद्धा नसे.

पुढे केव्हातरी शेजारच्या काकूंकडे केबल आली. रविवारी सगळे तिथं जमलो होतो. चॅनेल बदलता बदलता एकदम... तळं. तेच तळं, आणि निळंच! तेच दगड, आणि त्यांच्यावर आमच्या हवालदाराच्या कॅसेटमधला माणूस नव्हे, तर खरीखुरी माणसं — चष्मेवाले, पोट सुटलेले, एक आजीबाईसुद्धा. धपाधप पाण्यात पडत होती, चिखलानं बरबटून वर येत होती आणि हसत होती. लोक टाळ्या वाजवत होते. एकही जण काठाला पोचला नाही, तरी सगळे खूश. काकूंकडचे हसून हसून लोळत होते. मी दादाकडे बघितलं. तो हसत नव्हता. ओठ किंचित उघडे ठेवून बघत होता. मग कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला, “पडल्यात तरी घरी चाललेत की हसत.” आईनं पदर तोंडाला लावला. तो हसू दाबायला होता की कशाला, मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या बाजूनं पावलांचा आवाज आला. धावत गेले. दादा खड्ड्यापासून लांब उभा होता, गॅरेजच्या तेलकट पँटीत. आता कुठली भरती त्याला घेणार नव्हती. मी सवयीनं पलीकडच्या काठाशी जाऊन उकिडवी बसले, टाचेवर नजर रोवायला. तो म्हणाला, “टाच बघू नगं आता. तिकडं तोंड करून बस नुस्ती.”

मी पाठ फिरवून बसले. मांडी घालून, हात मांडीवर ठेवून. मागून पळण्याचा आवाज यायचा, मग क्षणभर काहीच नाही, मग धप्प... आणि पुन्हा पावलं मागे जायची. उन्हं चढेपर्यंत ते चाललं. माझा पाय एकदाही हलला नाही.

अण्णा निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं. दादाचं आता स्वतःचं गॅरेज आहे, गुडघे दुखतात, त्या सकाळीबद्दल विचारलं की म्हणतो, कुठली सकाळ? मी फार खोदत नाही. त्यानं त्या दिवशी तो खड्डा ओलांडला की नाही, हे मला आजही माहीत नाही.