कपावरचा हात

चाचा आमच्या कारखान्यातून निवृत्त झाले, पण भट्टीचं तापमान नोंदवणारा, असेंब्ली या संगणकभाषेत लिहिलेला त्यांचा प्रोग्राम कामावरच राहिला. यंदा जुना संगणक कायमचा बसला आणि नव्यावर ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी आली. मालक म्हणाले, शनिवारपर्यंत प्रोग्राम चालला तर ठीक, नाहीतर नवा विकत घेऊ. काम माझ्या गळ्यात पडलं.

असेंब्लीत सिस्टीमला प्रत्येक काम आकड्याने सांगावं लागतं. जुन्या सिस्टीममध्ये एक म्हणजे 'लिही', नवीत एक म्हणजे 'बंद कर'. सगळे आकडे मी नीट बदलले. तरी प्रोग्राम सुरू व्हायचा आणि नुसता बसून राहायचा. दोन दिवसांनी वैतागून मी पहिल्यांदाच चाचांचं छावणीतलं घर गाठलं आणि दुसरा चहा संपता संपता सुनावलं, "चाचा, तुमच्या कोडमध्येच घोळ आहे."

त्यांचा चेहरा उतरला. "बेटा, इतकी वर्षं तर चालला तो," एवढंच म्हणाले.

मला ओशाळल्यासारखं झालं. चाचींचे हात पिठाचे होते, म्हणून किटली मीच उचलली. "अजून घ्या ना." चाचा म्हणाले, "हो हो, दे की." मी किटली वाकवली, तोच चाचींनी पिठाच्या हाताने माझं मनगट धरलं.

"अगं, हात भाजंल! तोंडाकडं काय बघती? ह्ये तोंडानं कधी नाय म्हनत नाहीत. हात बघ!"

चाचांचा तळवा कपावर होता. आमच्या दौलताबादला नकार तोंडावर देतात. ही रीत मला ठाऊकच नव्हती.

रिक्षात बसल्यावर डोक्यात उजेड पडला. प्रोग्रामला लागणारी फाईल सापडली नाही तर जुनी सिस्टीम उणे आकडा द्यायची, म्हणजे सरळ 'नाय'. नवी मात्र साधा दोन देते आणि नकाराची खूण बाजूला वेगळी ठेवते. ती खूण मी तपासतच नव्हते. तो दोन म्हणजे उघडलेल्या फाईलचा क्रमांक समजून प्रोग्राम तिच्यातून काही येण्याची वाट बघत होता. आणि फाईल नव्या संगणकावर ठेवायला विसरले होते मीच. नाचता येईना, अंगण वाकडं!

शुक्रवारी भट्टीचे आकडे पडद्यावर धावू लागले. मला इतका आनंद झाला की तडक छावणीला गेले. "चाचा, तुमचा प्रोग्राम चालला. घोळ माझाच होता. माफ करा."

"हो हो," चाचा म्हणाले.

दोन कप झाले. मी किटली उचलली आणि आधी त्यांचा हात पाहिला. तो मांडीवर होता.