सुयांची गरमी
दूध उतू गेल्याचा करपट वास आला की एकोणीसशे पन्नासच्या दशकातलं, तेल्हाऱ्याला सासरी असतानाचं माझं दुखणं आठवतं. जनावरांपासून येणारा ताप होता. स्ट्रेप्टोमायसिनच्या सुयांनी उतरायचा आणि पुन्हा चढायचा. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, "जंतू औषधाला सरावले असतील." तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "सुया लय गरम पडतात, डाक्टरसायेब. म्हून मी सुनेले रोज शेळीचं कच्चं दूध पाजून राहिली." डॉक्टरांनी शेळीची चौकशी केली. सासूबाई म्हणाल्या, "दोनदा गाभडली बिचारी, दिवस भराच्या आधीच पिल्लं पडली." डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. "म्हणजे शेळीलाही हाच रोग आहे. मी जंतू मारतो आणि तुम्ही कच्च्या दुधातून रोज नवे पाजता." दूध उकळून मिळू लागलं आणि पुढच्या सुयांनी ताप कायमचा गेला. सासूबाई मात्र शेवटपर्यंत गावभर सांगत राहिल्या, "सून माह्या शेळीच्या दुधानं वाचली." मी दूध तेवढं अजून उतू जाईस्तोवर उकळते.