घटातले पाच वटाणे

लग्नात आईनं भांडी दिली, लुगडी दिली. वडिलांनी दिले मूठभर वाळके वटाणे. माहेरी फुलचूरला आमच्या परसात त्यांनी वाढवलेल्या वेलांचं ते बियाणं. फडक्यात गाठ मारून त्यांनी ते माझ्या ट्रंकेत सरकवलं, तेव्हा मला हसूच आलं होतं.

सन पन्नासच्या आसपासची गोष्ट. सासर आमगावच्या अलीकडे, चारी बाजूंनी धान. घरामागे वाडी होती आणि वाडीत सासूबाईंचं राज्य. कुंपणावर त्यांचा वाल, मांडवावर त्यांची बरबटी, म्हणजे चवळी. मिरचीच्या रोपालाही त्यांना विचारल्याशिवाय हात लावायची सोय नव्हती. त्या घरात मला जेवण पोटभर मिळायचं, बोलणीही पोटभर मिळायची. पण माझी म्हणावी अशी हातभर जागा कुठे नव्हती, आणि ती मला हवी होती.

पाऊस सरत आल्यावर मी वटाणे काढून त्यांच्यापुढे ठेवले आणि विहिरीजवळ एक वाफा मागितला. त्यांनी एक दाणा दाताखाली धरून पाहिला. म्हणाल्या, "हे बियानं पावसाळ्यानं मेलं. कोंबड्यायले टाकून दे."

माझं डोकंच फिरलं. बी जिवंत आहे हे दाखवल्याशिवाय वाफा मिळणार नव्हता, आणि वाफ्याशिवाय दाखवायचं कुठे?

तेवढ्यात नवरात्र आलं. घटाभोवती माती पसरून गहू पेरायचं काम नव्या सुनेकडे. सासूबाई पाणी आणायला वळल्या तशी मी रात्रभर भिजवलेले सात वटाणे कडेच्या मातीत दाबले. देवीपुढे लबाडी केली, हे खरं. पण तीही कुणाची तरी सून असेल, समजून घेईल, असं मी परस्पर ठरवून टाकलं.

गव्हाच्या पात्यांत ते लपतील असा माझा अंदाज होता. चौथ्या दिवशी माती फुगली आणि सातव्या दिवशी जाडजूड कोंब गव्हाशेजारी उघड उघड उभे. पाच आले होते. मला नाचावंसं वाटत होतं. आरतीला मी मुद्दाम त्याच बाजूला, पदर पसरून उभी राहू लागले. सासूबाई रोज पाणी शिंपडायच्या, माळ बांधायच्या, बोलायच्या काहीच नाहीत. त्यांची नजर अधू झाली असावी असं समजून मी खूश होते.

घट उठवायच्या दिवशी मात्र माझा धीर सुटला. सगळं तळ्यात शिरवायचं, बुडवायचं, म्हणजे माझे वटाणेही गेले. त्यांची पाठ वळताच मी मातीत बोटं घातली.

"काऊन लपवून राहिलीस?" त्या मागेच उभ्या होत्या.

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं, खाली बसून पाचही कोंब मुळांच्या मातीसकट अलगद उचलले, पळसाच्या पानावर ठेवले आणि वाडीकडे चालू लागल्या. मी मागोमाग.

विहिरीजवळ वाफा खणून तयार होता. त्यात शेणखत घातलेले पाच खड्डे आणि प्रत्येकाजवळ वेल चढायला रोवलेली एकेक काडी. किती उगवले ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

"देवीनं जागा देल्ली, तं मी कोन नाही म्हननारी?" असं म्हणून त्यांनी खुरपं माझ्या हातात दिलं आणि वाफ्यातून पाय काढून घेतला.