गुळवेल पास झाली... पण कुठली?

गेल्या महिन्यातली गोष्ट. बोरिवलीला घरी सकाळी आई चहा गाळत होती आणि खिडकीच्या उजेडात मला तिचे डोळे पिवळे दिसले... संध्याकाळी रक्ताचा रिपोर्ट आला. लिव्हरचे आकडे भलतेच वाढलेले.

डॉक्टरांनी विचारलं, काढा, चूर्ण, हर्बल असं काही घेता का? आई शांतपणे "नाही" म्हणाली. घरी येऊन बघते तर ओट्यावर, साखरेच्या डब्याशेजारी, गुळवेल चूर्णाची बाटली! "अगं, ते काय औषध आहे? झाडाचंच तर आहे..."

आता सांगायला हवं की मी अंधेरीला एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये नोकरी करते आणि आमच्याकडे हेच तपासतात. डब्यावर अश्वगंधा लिहिलंय तर आत अश्वगंधाच आहे का, त्यात शिसं किती, पारा किती, कीटकनाशक, बुरशी... रोज सकाळपासून हेच. आणि माझ्याच आईने मला सांगावं, झाडाचं आहे!

धोतराही झाडाचाच असतो. कण्हेरसुद्धा नैसर्गिकच आहे. किती वेळा सांगायचं लोकांना? त्या दिवशी मी घरात जे ओरडले ते खालच्या दोन मजल्यांना तरी ऐकू गेलं असणार. आईने चूर्ण बंद केलं.

पण माझ्या डोक्यातून ते जाईना. ओट्यावरची बाटली उघडी होती आणि उघडलेलं सॅम्पल आम्ही घेत नाही, तो नियमच आहे... म्हणून मेडिकलमधून त्याच कंपनीची नवी सीलबंद बाटली आणली, सरांना विचारून टेस्टला लावली. जुन्या बाटलीवरचा बॅच नंबर पुसून गेला होता, म्हणजे दोन्ही एकाच बॅचच्या आहेत का हेही कळायला मार्ग नव्हता. क्लायंटने असा गोंधळ केला असता तर मी फोनवर त्याची शाळा घेतली असती. घरचं म्हणून चालवून घेतलं.

सगळं पास. मायक्रोस्कोपखाली गुळवेलच, धातू मर्यादेत, जंतू मर्यादेत. मी तिथूनच आईला फोन केला की चूर्ण चांगलं आहे गं, दुसरंच काहीतरी असणार.

मी चूर्णाचं कळवल्यावर डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, रिपोर्ट काहीही येवो, चूर्ण बंदच ठेवा. आईने माझे दोनच शब्द ऐकले... "चांगलं आहे." दुसऱ्या दिवसापासून रोजचा चमचा पुन्हा सुरू! आणि मला पत्ता नाही.

खाली यायला लागलेले आकडे पंधरा दिवसांत पहिल्यापेक्षा वर गेले. आई जेवेना, सारखी झोपून राहायला लागली. डॉक्टर म्हणाले, आता अ‍ॅडमिट करू, हे असंच वाढलं तर लिव्हर साथ देणार नाही.

हॉस्पिटलची बॅग भरताना टॉवेल घ्यायला आत गेले, तर आई स्वयंपाकघरात एका प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्या बाटलीत चूर्ण भरत होती. हॉस्पिटलात न्यायला!

"अगं, ती बाटली कधीच संपली. हे खालच्या सावंत काकूंचं, घरी वाळवलेलं. बाटली चांगली होती म्हणून ठेवली..."

बाटली चांगली होती! आमच्या घरात आइस्क्रीमच्या डब्यात कढीपत्ता असतो आणि बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा. मी याच घरात वाढले, यार. आणि त्या बाटलीवरचं लेबल वाचून मी विश्वास ठेवला... मी! जिचं कामच आहे की लेबलवर विश्वास ठेवायचा नाही.

आईला अ‍ॅडमिट केलं आणि परत येऊन तडक सोसायटीच्या मागच्या भिंतीपाशी गेले. काकूंची वेल तिथे मस्त पसरलेली. पानं तशीच, बदामाच्या आकाराची. पण खोडावर नखाला लागतील एवढ्या गाठीच गाठी, आणि पान तोडलं तर पांढरट चीक आला. खऱ्या गुळवेलीला असा चीक येत नाही. ही तिची चुलत बहीण, दिसायला सारखी आणि लिव्हरला वाईट. पिशवीतलं चूर्ण लॅबमध्ये तपासलं, तेच निघालं.

मी तावातावाने काकूंच्या दारात गेले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "माका काय म्हायत गो? नर्सरीवाल्यान गुळवेल म्हणानच दिल्यान... मी पण घेतंय ना ता!" म्हणजे आता त्यांचीही रक्ततपासणी. त्यांचे आकडे अजून फार बिघडले नव्हते, नशीब. पण ज्यांना ज्यांना पुड्या दिल्या होत्या त्यांच्या दारात काकू स्वतः जाऊन सांगून आल्या, ही गुळवेल नाही, घेऊ नका. मी जे रोज पगार घेऊन करते ते त्यांनी चार जिन्यांत, दुखऱ्या गुडघ्यांनी केलं. मला ओरडायला तोंडच उरलं नाही.

आई आठ दिवसांनी घरी आली. डोळे पांढरे झालेत, आकडे हळूहळू उतरतायत. परवा तिला विचारलं, काकूंचं चूर्ण आहे एवढंच का नाही सांगितलंस मला? ती शेंगा निवडत होती, वर न बघता म्हणाली, "सांगणार होते गं... पण तू आधीच एवढी चिडली होतीस."

सॅम्पल कुठून आलं, कुणी दिलं, कशात ठेवलं... अनोळखी क्लायंटला हे सगळं मी रोज शांतपणे विचारते. आईला एकदाही विचारलं नव्हतं.