याडीचा आवाज, माझं नाव

दिग्रसच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा बा रसवंतीच्या मागे जाऊन उभा राहिला. पोरगी गाण्यासाठी पुण्याला जाते म्हणजे नेमकं काय करते, हे त्याला तांड्यात कुणाला सांगता येत नव्हतं. याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, गोधडीचं गाठोडं खिडकीतून आत ढकललं आणि गज धरून म्हणाली, "ढावलो म्हन्ल्याबिगर तांड्यातून जाऊन राह्यली तू. असं आपल्यात कोनी जात नाही, छोरी." (घरी आम्ही गोरबोली बोलतो. ती सगळ्यांना कळायची नाही म्हणून तिचं वऱ्हाडीच लिहिते.)

"मी काय सासरी चालले का?" म्हणून मी हसले. ढावलो म्हणजे आम्हा बंजाऱ्यांच्या नवरीनं घर सोडताना आयाबहिणींच्या गळ्यात पडून गायचं रडणं. चाल पिढ्यानपिढ्यांची, शब्द जिचे तिचे. लग्न ठरलं की जुन्या बाया पोरीला जवळ बसवून तो शिकवतात. मी लग्नाशिवायच निघाले, म्हणून मला कुणी शिकवला नाही. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं.

पुण्यात धायरीच्या खोलीत ती गोधडी मी कधी पांघरली नाही. भिंतीला ठोकली. रस्त्याचा आवाज आत येऊ नये म्हणून. तिच्यासमोर माईक, लॅपटॉप आणि हप्त्यावर घेतलेला कीबोर्ड. सकाळी सोसायट्यांमधल्या मुलांना गाणं शिकवायचं, दुपारी बिल्डरांच्या जाहिरातींना आवाज द्यायचा आणि उरलेल्या वेळात माझी स्वतःची गाणी करून स्ट्रीमिंगवर टाकायची. माझ्यासारखे जे जे निघाले, त्यांना हे माहीत आहे. गाणं टाकलं की जगभर जातं म्हणतात. माझं गाणं जगभर जायचं आणि कुणी न ऐकता परत यायचं. जे थोडे ऐकायचे, त्यांच्या ऐकण्याचे पैसे वर्षाकाठी गाणी चढवण्याच्या फीलाही पुरायचे नाहीत. याडी फोनवर विचारायची, "पगार झाला काय?" मी हो म्हणायची.

मग एका प्लेलिस्टवाल्यानं सांगितलं, तुझ्या मातीतलं काहीतरी आण. मातीतलं! कापूस वेचायचा कंटाळा म्हणून जी पळून आली, तिला आता माती हवी झाली. दिवाळीला रेकॉर्डर घेऊन तांड्यात गेले आणि याडीला म्हटलं, ढावलो म्हण.

"कोनी जाऊन राह्यलं काय? मंग ढावलो कायले?" ती म्हणाली. कुणी निघालेलं नसताना तो तोंडातून काढत नाहीत. घराला अशुभ.

मी चटकन म्हणाले, "मीच जातेय की उद्या."

याडीनं हातातलं सूप खाली ठेवून दार लोटलं, माझ्या गळ्यात हात टाकले आणि सुरुवात केली. तिला वाटलं, इतक्या वर्षांनी पोरगी आपला राहिलेला ढावलो मागायला आलीय. नवरीचे शब्द नवरीनंच म्हणायचे, पण मला ते येत नव्हते, म्हणून माझेही शब्द तीच म्हणाली. बा रसवंतीमागे उभा राहिला होता तेसुद्धा त्यात आलं. तिचे अश्रू माझ्या मानेवर पडत होते आणि माझं लक्ष रेकॉर्डरच्या काट्यावर होतं. मध्येच मी म्हणाले, "याडी, जरा लांब सरक, श्वास लागतोय माईकला." ती सरकली. हे लिहिताना मला माझी लाज वाटते.

खाली बीट लावला, गाणं तयार झालं. चढवताना फॉर्म असतो. गीतकार कोण, संगीतकार कोण. 'पारंपरिक' असंही लिहिता येत होतं. पण तसं लिहिलं तर व्हिडिओंवर हक्क सांगण्याची सोय मिळत नव्हती. ती सोय घेतली की आपलं गाणं कुणी वापरलं तर यंत्र आपोआप पकडतं आणि त्या व्हिडिओचा आवाज ठेवायचा की बंद करायचा हे तुम्ही ठरवता. मी दोन्ही रकान्यांत माझं नाव लिहिलं आणि 'बंद'वर टिचकी मारली. चोरांना अद्दल घडावी म्हणून. याडीचं नाव कुठं घालावं कळेना, तर 'सोबत' म्हणून घातलं. गाणं चाललं. अनोळखी लोक लिहायचे, डोळ्यांत पाणी आलं. मी सगळ्यांना हात जोडलेलं चित्र पाठवायची.

पुढच्या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीचं, रेणुकाचं लग्न निघालं. लग्नाच्याच दिवसाचा मला बंगळुरूला मोठा कार्यक्रम मिळाला होता. त्याच गाण्याच्या जोरावर. मी लग्नाला गेले नाही. व्हिडिओ बघेन म्हटलं.

चुलत भावानं व्हिडिओ टाकला. डफडं ऐकू येतं, पंगतीतला गोंधळ ऐकू येतो, आणि रेणुका याडीच्या गळ्यात पडते तिथून पुढे काहीच नाही. दोघींची तोंडं उघडतात, मिटतात, खांदे हलतात, आवाज नाही. यंत्रानं चाल ओळखली होती. याडीला वाटलं फोन बिघडला. ती एसटीनं दिग्रसला मोबाईलच्या दुकानात गेली. दुकानदारानं खालची ओळ वाचून दाखवली, या गाण्याच्या मालकानं आवाज बंद केलाय. मालक कोण, तर माझं नाव.

"हे तं माही पोरगी हाय," याडी त्याला म्हणाली. हे मला चुलत भावानं सांगितलं.

तिनं फोन केला तेव्हा ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं, "माह्या तोंडातला आवाज बंद करायले कोनाले इचारलं तुनं?" मी यंत्र, फॉर्म, हक्क असं काहीबाही सांगत सुटले. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "मी तं तुले निरोप देऊन राह्यलती, छोरी. तुनं थो बाजारात नेला." आणि फोन ठेवला.

मी हक्क सोडला, गाणंही उतरवलं. चार-सहा दिवसांत रेणुकाचा आवाज परत आला. माझे त्या गाण्यावर मिळालेले कार्यक्रम गेले, त्याचं मला दुःख झालं नाही असं म्हणणार नाही. झालं.

यंदा तांड्यात एक लग्न होतं, मी आठ दिवस आधीच गेले. शेजारच्या अंगणात बाया नवरीला शिकवायला बसल्या होत्या. मी दाराशी आले आणि त्या थांबल्या. कुणी वाईट बोललं नाही. एकीनं बसायला पोतं सरकवलं, एकीनं चहा ठेवला, आणि सगळ्या पावसापाण्याचं बोलू लागल्या. मी फोन काढून बायांत बसलेल्या याडीजवळ दिला. तिनं तो घरी नेऊन पिठाच्या डब्यात ठेवला आणि परत आली. तरीही कुणी गायलं नाही. चहा संपल्यावर मीच उठले.

पुण्यात कुणी विचारलं, गाव कोणतं, तर मी अजून दिग्रसजवळचा तांडा सांगते. घर म्हणजे आता ती जागा, जिथं मी पाय ठेवला की गाणं थांबतं.

निघताना याडी स्टँडवर आली. बा या वेळी रसवंतीमागे गेला नाही, तो घरीच राहिला. गाडी सुरू झाली तेव्हा मी खिडकीतून रिकामे हात बाहेर काढून दाखवले. म्हटलं, "याडी, फोन पिशवीत आहे. एक ओळ म्हण. फक्त माझ्यासाठी."

तिनं माझे हात धरले, दाबले आणि सोडले.

"म्हनीन," ती म्हणाली. "तू गेल्यावर."