छताला टेकलेला जिना

"मॅडम, जिना आत आला, पण उभा राहीना," सुनीता राठोड म्हणाली.

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या एका मंगल कार्यालयात आमच्या नाटकाचा सेट लागत होता. नाटक दुमजली घरात घडतं. वरचा मजला म्हणजे लेव्हल, लाकडी खोक्यांवर रचलेला उंच चौथरा. त्यावर माणूस उभा केला, तर डोकं छताच्या पत्र्याला लागत होतं.

मी व्यावसायिक नाटकांची व्यवस्थापक म्हणून निवृत्त झाले. हल्ली हिंगोलीत होतकरू निर्मात्यांना प्रशिक्षण देते. निर्माता म्हणजे पैसे घालणारा, एवढंच लोकांना वाटतं. खरं तर हॉल, तारीख, कलाकार, तिकीटविक्री, सगळी जबाबदारी त्याची. कोर्सच्या शेवटी प्रत्येकाने तिकीट लावून एक प्रयोग करायचा आणि मी मध्ये पडायचं नाही, हा नियम माझाच. सुनीता सेनगावजवळच्या तांड्यावरची, शेती सांभाळून कोर्सला यायची. तिचा प्रयोग त्याच संध्याकाळी होता आणि तिकिटं जवळजवळ संपली होती.

"हॉल बघितला होतास ना?"

"लांबी-रुंदी बराबर मोजली. वर बघितलंच न्हाई."

आमचे मुख्य नट सुधाकरसर. नावाजलेले आणि तितकेच तापट. माझा हात फोनकडे गेला. त्यांची समजूत कशी काढायची, ते मला ठाऊक होतं. पण सुनीता तोवर सरळ कार्यालयातल्या त्यांच्या खोलीकडे निघाली. मी मागोमाग गेले आणि दारात थांबले.

"सर, आज वरचा मजला लागत न्हाई. चूक माझी हाय. उंची मोजली न्हाई मी."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "मग माझी एन्ट्री कुठून? वरचा मजला नाही, तर प्रयोग नाही."

"व्हय सर. म्हणूनच आधी तुमाला सांगायला आले. एक डाव हॉल बघता का?"

सर कुरकुरत उठले. हॉलमध्ये प्रेक्षकांच्या मागे, दारावर छोटी गॅलरी होती. लग्नात व्हिडिओवाला तिथून शूटिंग करतो.

"तुमी वरून बायकोला हाक मारता ना? तिथून मारली तर?"

"आणि स्टेजवर यायचं कसं? एवढ्या लोकांमधून?"

"मधली वाट मी मोकळी ठेवते. वाटेच्या कडेला आमच्या तांड्यावरच्या बाया बसणार हायत. आत्ताच सांगून ठेवते त्यांना."

सर गॅलरीत चढले आणि एक हाक दिली. रिकामा हॉल घुमला. त्यांनी पुन्हा दिली, जरा लांबवून.

"इथे एक लाईट लावा," ते वरून म्हणाले. "आणि बायकोचं काम करणाऱ्या बाईंना सांगा, पहिली हाक ऐकू आली नाही असं दाखवायचं."

प्रयोग होणार, हे मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी पहिली हाक आली आणि अख्खा हॉल मागे वळला. स्टेजवरची नटी कांदा चिरत राहिली. दुसऱ्या हाकेला पुढच्या रांगेतली एक आजी तिला म्हणाली, "अगं, मालक कवाचे बोलावून राहिले! जा की!" हॉल हसून लोटपोट. सरांनी हशा ओसरू दिला आणि मधल्या वाटेने रुबाबात चालत आले. मोबाईल निघालेच, पण वाट कुणी अडवली नाही.

प्रयोगानंतर सर सुनीताला म्हणाले, "आमच्या पुढच्या दौऱ्यातले इकडचे प्रयोग तूच लाव. तशी गॅलरी कुठे कुठे मिळते, तेही बघ."

मी तिला पास केलं. उंचीचे मार्क मात्र कापले.

आता प्रत्येक बॅचला सांगते, अडचण आली की आधी नटाला गाठा. त्याला शेवटी कळलं तर तो रुसतो. आधी कळलं तर दिग्दर्शन करायला लागतो. दोन्हीचा त्रास होतो, पण दुसऱ्यात प्रयोग होतो.